पळायचं तर सगळ्यांनी पळा

८ जानेवारी २०१६, शुक्रवार. इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' हा अल्बम त्या दिवशी बाजारात आला आणि त्याच दिवशी बोवीला एकोणसत्तर वर्षं पूर्ण झाली. समीक्षकांच्या हातात अल्बम आधीच पडला होता, त्यामुळे परीक्षणं तयार होती. त्यांत चर्चा संगीताची होती. डॉनी मॅकॅस्लिनची जॅझवाली मंडळी या म्हाताऱ्याबरोबर कशी रंगलीत, सॅक्सोफोन किती पुढे आणलाय, जवळपास दहा मिनिटांचं शीर्षकगीत मधेच कशी कूस बदलतं, शब्दांचा पत्ता लागत नाही पण पत्ता न लागू देणं हाही बोवीचाच खेळ, वगैरे. रविवारी बोवी गेला. दीड वर्ष कॅन्सर होता आणि मोजकी माणसं सोडली तर कुणाला ते ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी तोच अल्बम निरोपाची चिठ्ठी झाला.

त्यातल्या 'लॅझरस' गाण्याचा व्हिडिओ गुरुवारी आला होता. खाटेवर पडलेला बोवी, डोळ्यांवर पट्टी, पट्टीवर डोळ्यांच्या जागी दोन बटणं. शेवटी तो उलट्या पावलांनी कपाटात शिरतो आणि दार लोटून घेतो. गुरुवारी ही त्याची नेहमीची नाटकं होती. सोमवारी तेच बघताना लोकांना हुंदका आवरेना. मधल्या चार दिवसांत अल्बममधला एक सूरही कुणी हलवला नव्हता. ऐकणाऱ्याच्या हातात फक्त एक वैद्यकीय माहिती जास्तीची आली होती.

आपल्याकडे याला 'मेल्या म्हशीला मणभर दूध' म्हणून मोकळं होतात. इथे ते पुरतं लागू नाही. शुक्रवारची परीक्षणंही चांगलीच होती. दूध आधीपासून होतं. खप वाढला हे खरं, अमेरिकेत बोवीचा अल्बम पहिल्या क्रमांकावर जायला त्याला मरावं लागलं, आणि पुढच्या वर्षी पाच ग्रॅमी मिळाली. पण मला त्यातलं वेगळंच खुपतं. शुक्रवारी लोक सॅक्सोफोन ऐकत होते. सोमवारनंतर सॅक्सोफोनबद्दल बोलणं जवळजवळ असभ्य ठरलं.

नाशिकच्या माणसाला गेलेल्यांबद्दलचं बोलणं ऐकायची सवय असते. सगळ्या महाराष्ट्रातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, दशक्रियेला बसतात, आणि पंचवटीत वाढलेल्या पोराच्या कानावर हे शाळेत जाता-येता पडत राहतं. पिंड मांडून झाला की सगळ्यांच्या माना वर. कावळा शिवेना झाला की घरातलं कुणीतरी पुढे होतं, हात जोडून मोठ्यानं सांगतं, "धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो, तू काळजी नको करू." तरी नाही शिवला तर, "दुकान बंद पडू देणार नाही." मग श्रद्धांजलीची भाषणं. त्यांत गेलेला माणूस मनमिळाऊ, हसतमुख आणि हाताचा मोकळा असतो. सख्ख्या भावाची जमीन लाटलेली असली तरी. आणि ते बरोबरच आहे. तिथे कुणी खरं बोलायला जात नाही, घरच्यांना सावरायला जातात. पण दुःखानंतर केलेल्या अल्बमचं परीक्षण वाचायला घेतलं की मला हल्ली घाटावरचा तो माइक ऐकू येतो. लिहिणारा हात जोडून उभा आहे, मान खाली आहे, आणि चुकून ड्रमच्या आवाजाबद्दल काही निघू नये म्हणून तो जपून बोलतोय.

ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हच्या 'स्केलिटन ट्री' या अल्बमचं उदाहरण तर याहून विचित्र. जुलै २०१५ मध्ये त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा, आर्थर, इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या कड्यावरून पडून गेला. अल्बम सप्टेंबर २०१६ मध्ये आला. पहिल्याच गाण्याच्या पहिल्याच ओळीत कुणीतरी आकाशातून खाली पडतं. आता सांगा, यावर कोण काय लिहिणार? सगळ्यांनी एकच लिहिलं. प्रत्यक्षात अल्बमचं काम २०१४ च्या अखेरीस सुरू झालेलं होतं आणि बरेचसे शब्द मुलगा हयात असतानाच लिहून झाले होते, ती पडण्याची ओळ धरून. हे कळल्यावर तरी वाचन बदलावं ना? नाही. मग ती ओळ भविष्यवाणी ठरली. म्हणजे आधी लिहिलं तर द्रष्टा, नंतर लिहिलं तर शोकाकुल; कवीला नुसतं कवी राहायची सोय नाही.

बिचाऱ्या केव्हला पत्रकारांसमोर बसून तेच तेच सांगायचं नव्हतं, म्हणून दिग्दर्शक अँड्र्यू डॉमिनिककडून एक माहितीपट करून घेतला आणि अल्बमच्या आदल्या दिवशी तो चित्रपटगृहांत दाखवला. मुलाखतींतून सुटका झाली, पण समीक्षकांना आयतं वाचनसूत्रही मिळालं. ज्याने अल्बम ऐकला त्याने आधी बापाचा चेहरा बघितला होता.

मला 'स्केलिटन ट्री' आवडतो. त्यात आवाज अर्धवट ठेवलेत, ठेका कुठे कुठे जागेवर येतच नाही, केव्हचा सूर मधेच ढासळतो आणि तो तसाच राहू दिलाय. मुलगा गेल्यावर खऱ्या अर्थाने लिहिलेला त्याचा अल्बम मात्र 'घोस्टीन', २०१९ चा. त्याला तर जगभरातून पैकीच्या पैकी मिळाले. आमच्या ऐकणाऱ्यांच्या टोळक्यात त्याबद्दल वावगं बोलणं म्हणजे पाप. तरी लिहितो: मला तो लांबलेला वाटतो. त्याचा साथीदार वॉरन एलिसचे सिंथेसायझर धुक्यासारखे सगळीकडे पसरलेत, ड्रम जवळपास नाहीतच, आणि दुसऱ्या भागातल्या दीर्घ गाण्यांत मला धरायला काही सापडत नाही. यावर मित्राचं उत्तर ठरलेलं: "तुझं पोर गेलं असतं म्हणजे कळलं असतं." हे वाक्य एकदा टाकलं की गाण्याबद्दलचं बोलणं तिथेच संपतं. मग 'राजहंस माझा निजला' आपण कुठल्या अधिकाराने वाचायची? त्या कवितेत मेलेलं लेकरू मांडीवर घेऊन बोलणारी आई आहे आणि लिहिणारे गोविंदाग्रज आहेत, जे काही कुणाची आई नव्हते. पिढ्यान् पिढ्या शाळेत ती कविता ऐकून पोरं रडली, गडकऱ्यांचं कौटुंबिक वृत्त विचारायची कुणाला गरज पडली नाही.

उलटं टोक म्हणजे समीक्षक जॉन लॅंडाऊ. जानेवारी १९७५ मध्ये बॉब डिलनचा 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' आला. डिलनचा संसार मोडायला आला होता. घटस्फोट पुढे १९७७ मध्ये झाला. 'रोलिंग स्टोन'मध्ये लॅंडाऊने लिहिलं की अल्बम डिलनच्या नेहमीच्या गबाळेपणानेच बनवलेला आहे. आज तो डिलनच्या सर्वश्रेष्ठ अल्बमांत गणला जातो, आणि लॅंडाऊचं ते परीक्षण समीक्षक कसे आपटतात याचा नमुना म्हणून दाखवलं जातं. मला मात्र लॅंडाऊबद्दल आदर वाटतो. कारण तो खोटं बोलत नव्हता. डिलनने न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर १९७४ ला अल्बम पुरा केला होता. मग डिसेंबरात भावाच्या सांगण्यावरून दहापैकी पाच गाणी मिनियापोलिसमध्ये, तिथल्या स्थानिक वादकांना घेऊन, पुन्हा वाजवली. तोवर वेष्टनं छापून झाली होती, त्यामुळे त्या वादकांची नावंही वेष्टनावर आली नाहीत. हा गबाळेपणा नाही तर काय? लॅंडाऊला तो ऐकू आला. चुकलं ते पुढचं पाऊल: त्या गबाळेपणाने गाण्यांचं भलं झालं की वाईट, हे त्याने तपासलं नाही. पण निदान त्याचा कान वादकांच्या हातांवर होता, डिलनच्या शयनगृहाच्या दाराला लावलेला नव्हता.

डिलनला स्वतःला तो दुसरा प्रकार मुळीच सोसला नाही. अल्बम आल्यावर काही महिन्यांतच गायिका मेरी ट्रॅव्हर्सने त्याची रेडिओसाठी मुलाखत घेतली. तिने सांगितलं, मला हा अल्बम फार आवडला. तर डिलन म्हणाला की लोकांना असल्या वेदनेत मजा कशी वाटते हेच मला समजत नाही. पुढे आत्मचरित्रात, नाव न घेता, एका अल्बमबद्दल त्याने लिहून ठेवलं की तो सगळा चेकॉव्हच्या कथांवरून केलाय आणि समीक्षकांना वाटलं की आत्मकथन आहे. बहुतेक लोक धरून चालतात की तो हाच. खरं असेल, थापही असेल. थाप असली तरी कशासाठी मारली ते समजतं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो तो अल्बम. कॅनेडियन गायक नील यंगचा 'टुनाइट्स द नाइट'.

१९७२ मध्ये यंगचा 'हार्वेस्ट' अमेरिकेत त्या वर्षीचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम होता. त्याच नोव्हेंबरात यंगने त्याचा जुना गिटारवादक डॅनी व्हिटन याला दौऱ्याच्या तालमीतून घरी पाठवलं. व्हिटन नशेत इतका बुडाला होता की त्याला गाणी लक्षात राहत नव्हती. हातावर पन्नास डॉलर आणि विमानाचं तिकीट ठेवलं. त्याच रात्री व्हिटन मेला. पुढच्या जूनमध्ये ब्रूस बेरी, यंगच्या कंपूतला वाद्यं वाहणारा, जोडणारा पोरगा, हेरॉइनने गेला. ऑगस्ट १९७३ मध्ये उरलेली माणसं हॉलिवूडमधल्या एका तालमीच्या जागेत जमली. ती जागा ब्रूसच्या भावाच्या धंद्याची. स्टुडिओ नव्हताच, बाहेर उभ्या केलेल्या ट्रकमध्ये रेकॉर्डिंगचं यंत्र, आणि वायरी आत आणायला भिंतीला भोक पाडलेलं. ही मंडळी संध्याकाळभर टकिला ढोसायची, पूल खेळायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास वाजवायला उठायची. एका रात्रीत पाच गाणी झाली.

ऐकलंत तर पहिल्यांदा वाटेल की ही तालमीची टेप चुकून छापली गेली. यंग माइकला तोंड आपटतो. 'मेलो माय माइंड'मध्ये वरच्या सुराला जाताना त्याचा आवाज फाटतो, अगदी सरळ फाटतो, आणि तो पुन्हा गात नाही. शीर्षकगीतात ब्रूस बेरीचं नाव घेऊन, तो काय काम करायचा ते साधंसुधं सांगितलंय, आणि ते गाणं अल्बमच्या सुरुवातीलाही आहे, शेवटीही. मधे एका ठिकाणी अचानक व्हिटनचाच आवाज येतो: १९७० च्या एका कार्यक्रमातलं, गावात माल घ्यायला जाऊया म्हणणारं उडतं, हसरं गाणं. मेलेला माणूस अल्बमच्या मध्यावर येऊन सर्वांत आनंदाने गातो. गाण्यात याचं स्पष्टीकरण नाही.

पण या अल्बममध्ये ढासळणं एकट्याचं नाही. राल्फ मोलिनाचा ड्रम जरा मागे रेलतो, बिली टॅलबटचा बास त्याच्याबरोबर रेलतो, निल्स लॉफ्ग्रेनचा पियानो दोघांच्या मधे पाय टाकतो, बेन कीथची पेडल स्टील गिटार लांबून ओरडल्यासारखी येते. सगळे एका खोलीत, एकमेकांकडे बघत, एकाच मापाने हललेले. म्हणून बेसूर जागाही सुरात वाटतात. एखाद्याने व्हिटनचं नावही ऐकलं नसेल तरी त्याला कळेल की या खोलीत काहीतरी घडून गेलंय.

१९७३ मध्येच यंग ही न छापलेली गाणी घेऊन इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. लोक 'हार्वेस्ट' ऐकायला आले होते. हा गडी स्टेजवरून मायामी बीचवर तुमचं स्वागत आहे म्हणायचा आणि शीर्षकगीत एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा वाजवायचा. लोक वैतागले. अल्बम जवळजवळ दोन वर्षं पडून राहिला. जून १९७५ मध्ये निघाला तोही 'होमग्रोन' नावाच्या दुसऱ्या तयार अल्बमच्या जागी. मित्रांना दोन्ही पाठोपाठ ऐकवले, आणि हा ओबडधोबड निवडला. 'होमग्रोन' प्रेमभंगाचा होता, यंगला तो फार खासगी वाटला. तो थेट २०२० मध्ये बाहेर आला. आज 'टुनाइट्स द नाइट' सगळ्या श्रेष्ठ अल्बमांच्या याद्यांत असतो. पण १९७५ मध्ये ज्यांनी त्याला ओबडधोबड म्हटलं आणि आज जे त्याला ओबडधोबड म्हणून थोर म्हणतात, त्यांचं निरीक्षण एकच आहे.

हे सगळं माझ्या डोक्यात नीट बसलं ते एका मित्रामुळे. सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर गेज घेऊन दुसऱ्यांनी केलेल्या पार्टांतल्या चुका काढणं हा त्याचा पोटाचा धंदा. गिटार वाजवतो, मराठीत रॉक गातो. त्याचा धाकटा भाऊ मुंबई-आग्रा हायवेवर अपघातात गेला. नंतर त्याने भावाच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या टांगून, सात गाणी केली. दुसऱ्या गाण्यात शेजारच्या कुकरची शिट्टी आलीय, ती काढायला त्याने नकार दिला.

इंदिरानगरच्या एका फ्लॅटमध्ये त्याने ती आम्हाला ऐकवली. सगळे मान खाली घालून बसले. संपल्यावर कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी म्हणालं "शब्दच नाहीत रे", एका वहिनींनी डोळे टिपले. खाली गाडीपाशी आल्यावर तो उखडला. "सगळे मला भेटायला आल्यासारखे वागले. तिसऱ्या गाण्यात काहीतरी बोंब आहे, मला सापडत नाहीये. एकाने तरी बोलावं ना!"

मग आम्ही पंचवटीत त्याच्या लहानपणच्या गुरुजींकडे गेलो. वय झालेलं, पेटी अजून मांडीजवळ, गिटारचं वावडं. फोनला लहानसा स्पीकर लावला. पहिल्या गाण्याला त्यांनी तोंड वाकडं केलं, दुसऱ्यातल्या शिट्टीला मान डोलावली. तिसरं सुरू झालं तशी त्यांची तर्जनी पेटीच्या लाकडावर पडायला लागली आणि एका जागी थांबली.

"लय पळतेय."

"गुरुजी, ते गाताना तसंच होत होतं हो. त्या दिवसांत..."

"होऊ दे की. पळायचं तर पळा. पण मग सगळ्यांनी पळा. तुझा तो ढोलवाला जागेवर उभा आहे आणि तू एकटाच निघालायस."

नेमकं तेच झालं होतं. ड्रमरने देवळालीत त्याच्या घरी क्लिक ट्रॅकवर, ठरलेल्या गतीला चिकटून वाजवून पाठवलेलं. गिटार आणि आवाज याने नंतर इथे चढवलेले. दुःख एका ट्रॅकवर आणि शिस्त दुसऱ्या ट्रॅकवर. भाऊ गेल्याचं गुरुजींना माहीत होतं, तेराव्याला येऊन गेले होते. तेव्हा जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

निघताना त्यांनी शास्त्रीय गायक बापूराव पलुस्करांचं ध्वनिमुद्रण लावलं; बहुधा त्या गिटारीने विटलेले कान धुवायला. बापूराव नाशिकचे, जन्म १९२१ चा. वडील विष्णू दिगंबर मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयाची इमारत कर्जात गमावून बसले होते. त्यांची शेवटची वर्षं या पंचवटीतल्या आश्रमात, रामनामात गेली. मुलगा दहा वर्षांचा असताना ते वारले आणि मुलगा स्वतः १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेला. हे सगळं माहीत असल्यावर ते गाणं ऐकताना गळा दाटतो, नाकारून काय उपयोग. मी तसं म्हणालोही. गुरुजी म्हणाले, "ते असू दे. ती तान ऐक, कुठून उचललीय."

तिसरं गाणं नंतर परत केलं. ड्रमरला त्याच खोलीत आणला, क्लिक बंद, दोघं समोरासमोर. नवा टेक आधीपेक्षा अशुद्ध आहे आणि कितीतरी चांगला आहे. शेवटच्या कडव्यात दोघं इतके सुटतात की गाणं हातातून जाणार असं वाटतं, आणि जात नाही.

त्या सात गाण्यांवर मी लिहावं असं मित्राने सांगितलं, मीही लिहिलं. अपघाताचा उल्लेख एका ओळीत, बाकी सगळं गाण्यांबद्दल. पाचवं गाणं दीड मिनिटं आधी संपायला हवं होतं असं त्यात म्हटलंय. त्याला ते अजिबात पटलेलं नाही. परवा गंगापूर रोडला मिसळ खाताना पुन्हा विषय निघाला. मी म्हटलं, शेवटचा सोलो तीन वेळा तेच सांगतो. तो म्हणाला, चौथ्यांदा सांगायला हवा होता, तुझ्यासारख्यांना कळावं म्हणून. मग रस्सा संपेपर्यंत भांडलो आणि पाव आणखी मागवले.